लोककवी वामनदादा कर्डक : गाण्याचा फिरता संसार



गळीत हंगाम आटपत आला, ऊसतोड टोळ्यांची परतीची बांधाबांध सुरू झाली, की त्याच दिवसांत गावोगाव दुसरा एक हंगाम उभा राहतो. 14 एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. पण गाणाऱ्यांच्या लेखी ती एका दिवसाची नसते. आज या गावची, परवा त्या गावची, असे करीत बुद्धपौर्णिमा उलटून गेली तरी गायन पार्ट्या फिरतच असतात. पेटी, ढोलकी, बेंजो गोधडीत गुंडाळायचे, मुक्कामाच्या एसटीने पोचायचे, रात्रभर गायचे आणि पहाटेची गाडी धरायची. या वाटेवर उभे आयुष्य घातलेला माणूस म्हणजे वामन तबाजी कर्डक. सगळ्यांचे वामनदादा.

आपल्यापैकी पुष्कळांना त्यांची गाणी येतात, नाव मात्र ठाऊक नसते. मागे एकदा काट्यावर गाडीचा नंबर लागायची वाट पाहताना एक सभासद ‘सांगत्ये ऐका’ या 1959 च्या चित्रपटातले पाव्हण्याचे गाणे गुणगुणत होते. आम्ही विचारले, हे लिहिले कोणी? म्हणाले, “असंल कोणीतरी सिनेमावाला!” ते गाणे वामनदादांचे. सिनेमावाले मात्र ते कधी झाले नाहीत. तरुणपणी पडद्यावर नट म्हणून झळकायची हौस त्यांना होती, स्टुडिओच्या दारात खेटेही घातले. झाले ते भलतेच, आणि आम्हांस वाटते, बरेच झाले.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी. (नाशिककडचेच भीमराव कर्डक हे आंबेडकरी जलशाचे मोठे नाव. ते वेगळे, हे वेगळे. लोक हटकून घोळ करतात.) वडील लवकर गेले. शाळेचे तोंड पाहिले नाही. पोट भरायला मुंबई गाठली आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत आईसोबत राहिले. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काम केले, खडी फोडली, चिक्की विकली.

याच चाळीतली एक हकिकत आहे. शेजारच्या एकाने गावाकडून आलेले पत्र वाचून दाखवा म्हणून यांच्या पुढे धरले. चांगला उंचापुरा, बोलका गडी, याला वाचता येत असणारच, असे त्या बिचाऱ्याला वाटले. वामनदादांना एक अक्षर येत नव्हते. ती शरम त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या गुरुजींकडून त्यांनी अक्षरे गिरवून घेतली, आणि जोडाक्षरांचा सराव केला तो रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचीत. ज्याच्या गाण्यांवर पुढे लोकांनी अभ्यास केला, त्याची शाळा ही अशी.

पहिले गीत 1943 मधले, एका हिंदी गाण्याचे विडंबन. तिथून पुढे चाल बहुतेक वेळा लोकांच्या ओळखीची आणि शब्द स्वतःचे, ही रीत पडली. काही जाणती मंडळी नाक मुरडतात की ही उसनी चाल झाली. आमचे म्हणणे निराळे आहे. ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोचत नव्हते आणि पोचले तरी वाचणारे दोघे-तिघे, तिथे नवी चाल शिकवीत बसायला वेळ कोणाला होता? चाल आधीच सगळ्यांच्या कानात, त्यात शब्द भरले की रात्री ऐकलेले गाणे दुसऱ्या दिवशी खुरपणाऱ्या बायकांच्या तोंडी. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने व्हायच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. मागे राहिलेल्या लोकांनी कसे वागायचे, काय सोडायचे, काय धरायचे, हे घरोघर नेण्याचे काम ज्यांनी गळ्यावर घेतले, त्यांत वामनदादा पुढे होते.

यात पैशाचा हिशेब काय, हे आपल्यासारख्या हिशेबी लोकांना विचारावेसे वाटणारच. या धंद्याची रीत अशी. आधी सुपारी ठरते, म्हणजे थोडा विसार. कार्यक्रमात कोणी पाच, कोणी अकरा रुपये बक्षीस देतो, त्याचे नाव माईकवरून पुकारायचे. त्यातून साथीदारांचे वाटे, गाडीभाडे, आणि उरले तर घर. पाऊस आला की तेही बुडाले. त्यात वामनदादा गाणे मागेल त्याला देणारे. एकाने वहीत उतरवून नेले, दुसऱ्याने त्याच्याकडून, असे आपण बांधावरून ऊसबेणे नेतो तसे ते गावोगाव गेले. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या मोठ्या आवाजाने त्यांची गाणी गायिली. पुढे कॅसेटचे दिवस आले. गाणे एकाचे, आवाज दुसऱ्याचा आणि डबी तिसऱ्याची. ज्यांनी गूळ अडतीवर टाकून, पडेल तो भाव पदरात घेऊन घर गाठले, त्या पिढीला यातली मेख समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की करून ठेवली होती. संतांच्या अभंगात असते तशी शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा. कोणीही गावो, नाव गाळले की चाल लंगडी पडते. दस्त नाही, रजिस्टर नाही, पण मालकी गाण्यातच नोंदवलेली. आमच्या मते त्यांच्या कसबाचा हा सगळ्यांत शहाणा भाग आहे.

लिहिले किती? दहा हजारांच्या घरात, असे सांगतात. छापले गेले ते त्यातले थोडे. ‘वाटचाल’ 1973 मध्ये आले, ‘मोहळ’ 1976 मध्ये. पुढे आत्मचरित्र आले ‘माझ्या जीवनाचं गाणं’. 1993 साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. दुकानाच्या पाट्या वाचून शिकलेल्या माणसाला.

त्यांचे एक गाणे फार गाजलेले आहे. त्यात बड्या भांडवलदारांची नावे घेऊन संपत्तीतल्या आपल्या हिश्शाचा जाब मागितला आहे. कारखान्याच्या वसाहतीत आम्ही ते पुष्कळदा ऐकले, मान डोलावली. सहकार म्हणजे तरी दुसरे काय, हिस्साच ना! पण यंदा ते ऐकताना जरा अडखळलो. सभासद पुढे खुर्च्यांवर बसले होते आणि टोळ्यांची माणसे मागे जमिनीवर. आपल्या कपाटात शेअरचा दाखला आहे. ज्याच्या कोयत्याने आपला ऊस गव्हाणीपर्यंत येतो, त्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून शेअर नाही आणि म्हणून हे वार्तापत्रही त्याच्या खोपीवर जात नाही. गाणे टाटा-बिर्लांना उद्देशून आहे, हे खरे. पण मागे बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांचे डोळे कोणाच्या पाठीवर होते, ते आम्ही वळून पाहिले नाही.

वामनदादा 15 मे 2004 रोजी नाशिक येथे गेले. बुद्धपौर्णिमा होऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते, म्हणजे पार्ट्यांचा हंगाम चालूच होता.

यंदाच्या कार्यक्रमात पेटीवर एक पोरगा होता, आठवी-नववीतला. बाप टोळीचा मुकादम. उजेड कमी, म्हणून वही मोबाईलच्या बॅटरीवर धरून गात होता. शेवटचे कडवे आले तशी त्याने वही मिटली आणि ‘वामन’ हे नाव मान वर करून, मोठ्याने घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा ट्रक निघाला. पेटी वर, गोधड्यांच्या मध्ये बांधलेली होती.