दोन मिलिग्रॅमची गोळी

रात्री ओठ जरा जड वाटतो आणि सकाळपर्यंत अर्धा चेहरा ओळखू येईनासा होतो. खाज नाही, अंगावर गांधी नाहीत. 'काहीतरी खाण्यात आलं असेल' म्हणत घरचे दवाखान्यात नेतात. तिथे ॲलर्जी समजून ॲविल दिलं जातं, हायड्रोकॉर्टिझोन दिलं जातं, वेळ पडली तर ॲड्रिनॅलिनही. सूज ढिम्म हलत नाही. दोन-तीन दिवसांत ती आपली आपण उतरते आणि सगळ्यांना वाटतं, औषध लागू पडलं. हीच सूज आतड्याला आली तर पोटात असा मुरडा उठतो, की अपेंडिक्स समजून पोट उघडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत कितीतरी सापडतात. घशाला आली तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

हा हेरेडिटरी अँजिओएडेमा. साधारण 50,000 माणसांत एकाला होणारा, आनुवंशिक आजार. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. रक्तात सी-वन इनहिबिटर नावाचं एक प्रथिन असतं. ब्रॅडिकायनिन तयार करणाऱ्या साखळीला ते आवर घालतं. ते कमी पडलं किंवा निकामी निघालं, की ब्रॅडिकायनिन वाढतं आणि केशवाहिन्या पाझरू लागतात. हिस्टमिनचा इथे काही संबंधच नाही, त्यामुळे ॲलर्जीची औषधं वाया जातात.

यावर दिलं जाणारं एक औषध म्हणजे स्टॅनोझोलॉलची गोळी. ती घेतली, की यकृत हे प्रथिन जास्त बनवू लागतं आणि सुजेचे झटके कमी होतात. सुरुवातीला 2 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, मग दर एक ते तीन महिन्यांनी डोस उतरवत रोज एक गोळी, आणि जमल्यास दिवसाआड एक. डॉक्टरांचं सगळं कसब खाली उतरण्यात असतं: किती कमी दिलं तरी भागतं? सोबत ठरावीक काळाने यकृताच्या तपासण्या, कोलेस्टेरॉल, सोनोग्राफी.

याच गोळीला जिममधली मुलं 'विन्स्ट्रॉल' म्हणतात, आणि तिथे प्रश्न उलटा असतो: किती जास्त घेतलं तर चालेल?

स्टॅनोझोलॉल अमेरिकेत 1962 साली मंजूर झालं. मुळात ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाचं घडवून बदललेलं रूप. टेस्टोस्टेरॉन नुसतं गिळलं तर आतड्यातून ते थेट यकृतात जातं आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. रक्तापर्यंत फारसं काही पोचत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच्या 17व्या कार्बनवर एक मिथाइल गट बसवला आणि यकृताचं काम अडवलं. त्यामुळे गोळी पोटातून घेता आली. पण यकृताला जे सहज मोडता येत नाही ते त्याच्याच जिवावरही उठतं. पित्ताचा प्रवाह तुंबून कावीळ होणं, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या तयार होणं, गाठी होणं, हे सगळं या मिथाइलवाल्या कुळात दिसतं. ज्या करामतीने गोळी गिळण्याजोगी केली, तिचीच ही किंमत.

स्टॅनोझोलॉलचं शरीरात इस्ट्रोजेन होत नाही. म्हणून त्याने अंगात पाणी साठून फुगल्यासारखं फारसं दिसत नाही आणि स्नायूंच्या रेषा उठून दिसतात. स्पर्धेआधीच्या 'कटिंग'च्या आठवड्यांत याला मागणी येते ती त्यामुळेच.

स्टॅनोझोलॉलसारख्या स्टेरॉइडने खरंच ताकद वाढते का? वाढते. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण डॉक्टर मंडळींनी बराच काळ उलटंच सांगितलं. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या संघटनेने 1977 साली जाहीर केलं होतं, की याचा उपयोग होत असल्याचा ठोस पुरावा नाही. 1984 मध्ये ती भूमिका बदलावी लागली. आखाड्यातल्या आणि जिममधल्या पोरांना आरशात दिसत होतं ते तज्ज्ञ नाकारत होते, आणि त्यामुळे पुढे धोक्यांबद्दल सांगायला गेले तेव्हा त्यांचं कोण ऐकणार? 1996 मध्ये शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगानेच हा वाद मिटवला. आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन आणि जोडीला व्यायाम, असं 10 आठवडे केलेल्यांचं चरबीविरहित वजन सरासरी 6.1 किलोने वाढलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं 1.9 किलोने.

धोक्याचा आकडाही तितकाच ठोस आहे. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उचलणाऱ्या पुरुषांना सहा आठवडे रोज 6 मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉल दिलं. त्यांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 33 टक्क्यांनी घसरलं. आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेताना ती घसरण 9 टक्केच होती. आणि 6 मिलिग्रॅम म्हणजे काही जिममधला डोस नव्हे, तो आजाऱ्याचा सुरुवातीचा डोस आहे. जिममध्ये याच्या कितीतरी पट घेतात, तेही कुठलीही रक्ततपासणी न करता.

बाहेरून संप्रेरक येऊ लागलं, की मेंदू वृषणांना पाठवायचा संदेश थांबवतो. शरीराचं स्वतःचं उत्पादन मंदावतं, शुक्राणू घटतात. गंमत अशी, की याच शांततेने कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सनचा खटला पक्का केला. 24 सप्टेंबर 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये त्याने 100 मीटर 9.79 सेकंदांत पार केले आणि तीन दिवसांत सुवर्णपदक गेलं. लघवीत स्टॅनोझोलॉलचे अंश होते. पेयात कुणीतरी काहीतरी मिसळलं, असा बचाव पुढे आला. मात्र कोलोनचे रसायनतज्ज्ञ मान्फ्रेड डोनिके यांनी त्याच नमुन्यातली त्याच्या स्वतःच्या संप्रेरकांची पातळी दाखवली: ती दबलेली होती. एका ग्लासाने असं होत नाही, त्याला बराच काळ औषध घ्यावं लागतं. पुढच्या वर्षी कॅनडातल्या ड्युबिन आयोगासमोर जॉन्सनने स्वतःच कबुली दिली.

आता तर शोधण्याची पद्धत आणखी बारीक झाली आहे. स्टॅनोझोलॉलचे शरीरात होणारे काही अवशेष आठवडेच्या आठवडे लघवीत मिळतात, आणि ऑलिंपिकचे नमुने गोठवून ठेवले जातात. बीजिंग 2008 आणि लंडन 2012 चे नमुने काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा पदकं परत करावी लागलेल्यांत स्टॅनोझोलॉलवाले बरेच होते. वेटलिफ्टिंगची तर यादीच उलटीपालटी झाली.

या सगळ्या बदनामीत आजाऱ्यांची गोळी मात्र अडचणीत आली. अमेरिकेत विन्स्ट्रॉल आता दुकानात मिळत नाही. तिकडे सी-वन इनहिबिटरची इंजेक्शनं आणि इतर नवी औषधं आहेत, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं पुरुष-संप्रेरकांना दुसऱ्या फळीत ठेवतात. तशी ती ठेवावीतही. पण ही नवी औषधं आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडणारी नाहीत, त्यामुळे भारतातले डॉक्टर डॅनॅझॉल किंवा स्टॅनोझोलॉल ही पुरुष-संप्रेरकाच्या जातीची औषधंच लिहितात. त्यातही खरा पेच बायकांचा. गोळीने मासिक पाळी बिघडू शकते, ओठावर लव येते, आवाज जाड होतो, आणि आवाजातला बदल गोळी थांबवल्यावरही मागे फिरेल याची खात्री नसते. मूल हवं असेल तर ती आधीच बंद करावी लागते. पोटातला गर्भ मुलीचा असेल तर तिच्या जननेंद्रियांची घडण या संप्रेरकाने बदलू शकते. मग ते नऊ महिने ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडवर काढायचे, आणि झटका आलाच तर रक्तपेढीतून गोठवलेला प्लाझ्मा मिळवायचा, कारण ते हरवलेलं प्रथिन त्यात असतं.