तेलाचं लायपोसोम होत नाही

हर्बल क्रीमच्या डबीवर ‘लायपोसोम’ आणि ‘करंज तेल’ शेजारीशेजारी छापलेलं दिसलं की तेलाचेच बारीक थेंब म्हणजे लायपोसोम, असा समज होतो. मुळात लायपोसोम ही पाण्याने भरलेली अतिसूक्ष्म पिशवी. तिची भिंत फॉस्फोलिपिडच्या दुहेरी थराची, जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीची. या रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात, म्हणून पाण्यात तो आपणहून दुहेरी थरात रचला जातो. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांनी ही रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड. त्याला असं डोकंच नाही. भिंतीत ते थोडंसंच मावतं, उरलेल्याचे वेगळे थेंब होतात. त्याला इमल्शन म्हणतात.

मग तेलबियांचा संबंधच नाही? आहे, पण वेगळ्या वाटेने. सोयाबीनचं कच्चं तेल साफ करताना पाणी घालून जो चिकट गाळ काढतात, त्यातून लेसिथिन, म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिडांचं मिश्रण, मिळतं आणि ते शुद्ध केलं की लायपोसोमची भिंत बांधायचा माल. म्हणजे रिफाइंड तेलात जे उरतच नाही, नेमकं तेच इथे कामाचं! तेल आणि लेसिथिन मिक्सरमधून फिरवून केलेलं घरगुती ‘लायपोसोम’ बहुधा इमल्शनच असतं. वाईट नव्हे, पण नाव चुकीचं.

‘लायपोसोम औषध थेट रक्तात नेतं’ हीदेखील अतिशयोक्तीच. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर सुमारे १०-२० मायक्रोमीटर जाडीचा असतो. साधी लायपोसोम तो थर अखंड ओलांडून क्वचितच जातात. ती तिथेच फुटून त्वचेच्या स्निग्धांशात मिसळतात आणि हळदीतल्या कुरकुमिनसारखं पाण्यात न विरघळणारं द्रव्य तिथे साठवतात. त्वचारोगात अनेकदा हवं असतं तेही एवढंच.

बियांचं तेल आहे, म्हणजे निर्धोक, असंही नाही. जवसाच्या तेलासारखी असंतृप्त तेलं हवेने लवकर खवट होतात, आणि तेच रसायन लायपोसोमची भिंतही बिघडवतं. म्हणून त्यात ‘ई’ जीवनसत्त्व घालतात. बावचीचं प्रकरण अधिक गंभीर. कोडावर वापरल्या जाणाऱ्या या बियांमध्ये सोरालेन असतं. ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून फोड येऊ शकतात. लायपोसोममुळे ते त्वचेत जास्त साठलं, तर हा धोका कमी होण्याऐवजी वाढेल.