धुरंधर, अंबिका महादेव
धुरंधर, अंबिका महादेव : (१९१२–२००९). मुंबईच्या चित्रकर्त्री. पाठारे प्रभू कुटुंबात जन्म. वडील रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे विख्यात चित्रकार. १८९० ते १९३१ या काळात प्रथम विद्यार्थी व पुढे अध्यापक म्हणून ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. साहजिकच चित्रकलेचे पहिले धडे अंबिकाबाईंना घरीच मिळाले. पित्याच्या हाताखाली मुलीने चित्रकार व्हावे, हे इतरत्रही घडले आहे. अमेरिकन व्यक्तिचित्रकर्त्री सारा मिरिअम पील (१८००–८५) चित्रकार जेम्स पील यांच्याकडे अशाच शिकल्या. अंबिकाबाईंना मात्र कलाशाळेचे रीतसर शिक्षणही लाभले. १९३१ मध्ये त्यांनी जे. जे.ची पदविका मिळविली. ती मिळविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या होत. वडिलांप्रमाणेच त्यांची शैली वास्तवदर्शी होती. त्या अविवाहित राहिल्या. खार येथील ‘अंबासदन’ या घरात त्यांनी वडिलांचा चित्रसंग्रह दीर्घकाळ निष्ठेने सांभाळला. त्यामुळे एका मोठ्या चित्रकाराचे काम टिकले. पण ‘धुरंधरांची कन्या’ हीच ओळख ठळक झाली व त्यांच्या स्वतःच्या चित्रांकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. <em>माझी स्मरणचित्रे</em> हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे.