सुतारशाळेतील यंत्रे : निवड आणि मांडणी

आपल्या सीमाभागात जवळजवळ प्रत्येक गावात एखादे तरी घर सुताराचे असते. आपण त्याला सुतार म्हणतो, या अंकाच्या कानडी विभागातील मित्र त्याला बडिगेर म्हणतील. पण दोघांच्या हातातील करवत आणि रंधा एकच. बलुतेदारीच्या काळात नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाडी ही त्याची मुख्य कामे होती. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने उद्योगाचा आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन बिघडेल या भीतीने शेतकरी आधी तो घेईनात. पण अखेर तो रुळला आणि लाकडी नांगराचे काम सुताराच्या हातून हळूहळू सुटले. उरली ती दारे, चौकटी, कपाटे, पलंग आणि देवघरे. ही कामे गिऱ्हाइकाला लवकर आणि बेताच्या दरात हवी असतात. म्हणून निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंतच्या तरुण सुतारांच्या मनात आज यंत्राचा विचार येतो. बहुधा तो कर्ज काढूनच अमलात आणावा लागतो आणि निवड चुकली तरी हप्ते चुकत नाहीत.

मी स्वतः सुताराच्या घरातला. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात वडील आणि थोरले काका हातानेच काम करीत. अलीकडे आमच्या शेडमध्ये यंत्रे आली. ती बसवताना जे पाहिले आणि पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेल्या गोष्टींशी जे पडताळून पाहिले, ते येथे मांडतो. सांगण्याचा मुद्दा एकच आहे. यंत्र पाहून काम शोधू नये. काम, वीज आणि जागा या तिन्हींचे माप घेऊन मग यंत्र शोधावे.

प्रथम काम. मागच्या वर्षात काय काय केले आणि त्यात कोणत्या क्रियेला किती दिवस गेले, याची यादी वहीत लिहावी. आमच्या यादीत चौकटी आणि दारे सर्वांत जास्त निघाली. लाकूड चिरून मिळते ते वखारीत. घरी आल्यावर खरा वेळ जातो तो रंधण्यात आणि कुसवांची भोके पाडण्यात. तेव्हा पहिले यंत्र रंध्याचे, हे यादीनेच ठरवले.

रंध्याची यंत्रे दोन प्रकारची असतात आणि त्यांतला फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. पहिल्यात दोन तक्त्यांच्या मध्ये पात्यांचा रूळ फिरतो आणि लाकूड त्याच्यावरून हाताने ढकलायचे असते. यामुळे लाकडाची एक बाजू सपाट होते आणि तिच्याशी काटकोनात दुसरी बाजू साधता येते. दुसरे यंत्र जाडी काढण्याचे. त्यात लाकूड खालून जाते, पाती वर असतात आणि वरची बाजू खालच्या बाजूला समांतर होते. आता पीळ असलेली फळी थेट दुसऱ्या यंत्रात घातली तर काय होईल? आतले रूळ तिला दाबून सरळ करतील, पाती रंधतील आणि बाहेर पडताच फळी पुन्हा पीळ घेईल. जाडी सारखी झाली, पीळ तसाच राहिला. म्हणून पहिले यंत्र आधी, दुसरे नंतर. आणि लाकूड ओले असेल तर दोन्ही यंत्रे निरुपयोगी. आज आरशासारखी रंधलेली ऐनाची फळी पावसाळा संपून हवा कोरडी झाली की वाकडी झालेली दिसेल.

रंध्याचा गुळगुळीतपणा गणिताने ठरतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावर ९ इंचांची आणि पात्यांच्या रुळावर ३ इंचांची पुली बसवली तर रूळ तिप्पट, म्हणजे ४३२० फेरे घेईल. रुळावर पाती तीन असतील तर मिनिटाला १२,९६० काप पडतील. लाकूड मिनिटाला ६ मीटर पुढे सरकवले तर दोन कापांतील अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर येते. चुकीची पुली बसून फेरे निम्मे झाले की हे अंतर दुप्पट होते आणि फळीवर लाटा दिसू लागतात. मग सुतार पात्यांना दोष देतो! मात्र फेरे वाढवतानाही यंत्राच्या पट्टीवर दिलेली मर्यादा ओलांडू नये.

रंधा, करवत आणि भोक पाडणे हे सारे एकाच सांगाड्यावर असलेले जोडयंत्रही मिळते. एकटा माणूस आणि लहान शेड असेल तर ते सोयीचे. पण दोन-तीन माणसे काम करीत असतील तर एक जण करवतीवर असताना दुसरा रंध्यासाठी ताटकळत उभा राहतो. आमच्याकडे घरातलीच तीन माणसे, म्हणून आम्ही यंत्रे वेगळी घेतली आणि एकेक करून घेतली.

चकतीच्या करवतीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली कायद्याची. केंद्रीय वनमंत्रालयाने २०१६ साली लाकूडउद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत केवळ चिरलेल्या लाकडावर काम करणाऱ्यांना दिलेली सवलत ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी चकती किंवा बँड-सॉ ठेवणाऱ्यांना नाही. तेव्हा मोठी करवत घेण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करणे शहाणपणाचे. कोल्हापूर किंवा चंदगडकडून लाकूड आणताना राज्याची हद्द ओलांडावी लागते. त्यासाठी वाहतूक परवाना लागतो का, तेही तेथेच विचारावे. दुसरी गोष्ट वेगाची. ३० सेंटिमीटरची चकती मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा तिचे दात सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने धावतात. चिरलेली फट मिटून लाकूड चकतीच्या मागच्या दातांना चिकटले तर ते त्याच वेगाने कारागिराच्या पोटावर येऊ शकते. हे टाळण्यासाठी चकतीच्या मागे पोलादी पाचर असते. अडचण होते म्हणून पाचर आणि वरचे झाकण काढून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती सोडलीच पाहिजे.

आता वीज. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ३ अश्वशक्तीची मोटर एका फेजवर सुमारे १५ अँपियर घेते, तर तीन फेजवर प्रत्येक तारेत सुमारे ५. म्हणून मोठ्या यंत्राला तीन फेजच बरे. पण खेड्यात तिन्ही फेज दिवसभर मिळतीलच असे नाही. तेव्हा आपल्या खांबावर वीज कोणत्या वेळी आणि किती दाबाने येते, हे महिनाभर लिहून मग मोटर ठरवावी. दाब कमी झाला की मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तिचे वाइंडिंग जळते.

साध्या खटक्यावर यंत्र चालवू नये, स्टार्टर हवाच. वीज गेली की स्टार्टरमधील कॉइलचे चुंबकत्व जाते आणि जोड सुटतो. वीज परत आली तरी हिरवे बटण दाबल्यावाचून यंत्र फिरत नाही. एकदा वीज गेलेली असताना काका रंध्यात अडकलेली ढलपी बोटाने काढीत होते. तेवढ्यात शेडमधला दिवा लागला. यंत्र मात्र थांबलेलेच राहिले. काका एवढेच म्हणाले, "पट्टा तुटला तर निपाणीत मिळतोय, बोट मिळत न्हाई रं." तेव्हापासून आमच्याकडे वीज गेलेली असली तरी मुख्य खटका पाडल्याशिवाय कोणी पात्यांजवळ हात नेत नाही.

जागेचे माप यंत्राच्या मापावरून घेऊ नये, लाकडाच्या मापावरून घ्यावे. चौकटीचे उभे लाकूड ७ फूट. ते रंध्याच्या पुढे ७ फूट आणि मागे ७ फूट मोकळे सरकले पाहिजे; म्हणजे दोन फुटांच्या यंत्रालाही १६ फुटांची सरळ रेषा लागते. शेड अपुरी असेल तर यंत्र दाराच्या समोर बसवावे, म्हणजे लाकूड दारातून बाहेर जाऊ शकते. लाकूड ज्या क्रमाने फिरते त्याच क्रमाने यंत्रे असावीत : वखारीतून आलेल्या मालाचा ढीग, रंधा, जाडी, करवत, भोके आणि शेवटी जोडणीचा ओटा.

पायाचे काँक्रीट पुरते वाळल्यावर पाणसळ लावून यंत्र समपातळीत बसवावे. मग मुख्य खटका पाडून रंध्याचा मागचा तक्ता पाहावा. तो पात्यांच्या सर्वांत उंच बिंदूच्या बरोबर हवा. तो खाली राहिला तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. वर राहिला तर फळी अडते. लाकडाची सरळ पट्टी त्या तक्त्यावर ठेवून रूळ हाताने फिरवावा. प्रत्येक पात्याने ती पट्टी सारखीच, अगदी थोडी, पुढे ढकलली की पाती जुळली.

शेवटी भुसा. लाकडाच्या धुळीमुळे माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नमूद केले आहे. धूळ ओढणारा पंखा हा कारखान्याचा दागिना नव्हे, गरज आहे. तो घेण्याची ऐपत येईपर्यंत निदान यंत्र उघड्या बाजूला असावे आणि नाकावर मास्क असावा.

पैशाची सोयही पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज ठेवलेले आहे. एवढ्यात सारा कारखाना उभा राहणार नाही, आणि एकदम राहूही नये. पहिले यंत्र आपला हप्ता आपणच फेडू लागले की दुसऱ्याचा विचार करावा. आपल्या गावात कोणी सुतार किंवा बडिगेर यंत्र घेण्याच्या विचारात असेल, तर आपण शिकलेल्या मुलांनी त्याच्याजवळ बसून एवढे हिशेब त्याच्या वहीत मांडून द्यावेत. लाकडाची पारख त्याला आहेच. आकडेमोडीत तरी आपण त्याच्या उपयोगी पडू.