जुनी चासी घेण्याआधी: लोखंड नंतर, नंबर आधी

जुन्या जीपची चासी स्वस्तात घ्यायची, तिच्यावर आपल्या मनासारखी उघडी गाडी उभी करायची, रुंद टायर, मोठे दिवे, झगमगीत रंग. असा शौक आपल्या बीड जिल्ह्यातील गॅरेजवाल्या तरुणांत हल्ली बराच दिसतो. दिवसा लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि रात्री स्वतःच्या गाडीवर हात चालवायचा. शौकाला आमचा विरोध नाही. हातात हुन्नर असलेल्या माणसाला स्वतःसाठी काही घडवावेसे वाटणारच. पण या कामात पहिली खरेदी चासीची असते आणि बहुतेकांचा पैसा तिथेच अडकतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. मात्र आठवडी बाजारांना ठाणे नेण्यासाठी जन्मभर जीपाच वापरल्या, त्यामुळे मिस्त्री मंडळींशी उठणे-बसणे रोजचे. जुना माल घेण्याचे काही कायदे कापडाला आणि लोखंडाला सारखेच लागू पडतात. ते आणि मिस्त्री मंडळींकडून कळलेले असे दोन्ही येथे देत आहोत.

या शौकाचे मूळ अमेरिकेत आहे. तिकडे अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून, इंजिन वाढवून पळवीत. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवले, आणि पुढे तीच गाडी भंगारात स्वस्त मिळू लागल्यावर या मंडळींची आवडती ठरली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी हा शौक आणखी पसरवला. जानेवारी १९४८ मध्ये त्यावरचे मासिकही निघाले. १९३२ च्या त्या फोर्डची १०६ इंची चासी तिकडे इतकी मानली जाते की आज तिच्या नव्या नकला तयार करून विकल्या जातात. तिथे घरी बांधलेल्या गाडीची नोंद करण्याची सोय अनेक राज्यांत आहे. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे, ते पुढे येईलच.

आपल्याकडे फोर्डची जागा जीपने घेतली. १९४५ साली लुधियाना येथे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली पेढीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली होती. तेव्हापासून सीजे-३बी, पुढे एमएम-५४०, कमांडर अशा जीपा खेडोपाडी पोचल्या. त्यांच्या चासीची रचना साधी शिडीसारखी: दोन लांब पट्ट्या आणि मधे आडवे पाय. बॉडी वेगळी उचलून ठेवता येते. म्हणूनच पहिल्यांदा काम करणारा माणूस जीपच्या चासीकडे वळतो. सीजे-३बीचा दोन चाकांमधला पल्ला ८० इंच आणि एमएम-५४० चा ९१ इंच. विकणारा कोणतेही नाव सांगो, टेप लावला की पहिला खुलासा तिथेच होतो.

आता मुख्य मुद्दा. गाडीची ओळख इंजिनात नसते, बॉडीत नसते. ती चासीवर ठोकलेल्या नंबरात असते. आरटीओच्या दप्तरी जी गाडी आहे ती हा नंबर आहे. म्हणून चासी घेताना तुम्ही लोखंड घेत नसता, नोंद घेत असता. नोंद नसेल तर जे हातात येते ते निव्वळ लोखंड, आणि लोखंडाचा भाव किलोवर ठरतो.

बाजारात यावरूनच दोन भाव झाले आहेत. एक, आरसी बुकासह मिळणारी चासी, ती महाग. दुसरी भंगाराच्या ढिगातून किलोच्या भावाने मिळणारी, ती स्वस्त. कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचे आणि नोंदणी रद्द व्हायची. अशी रद्द झालेली चासी पुन्हा रस्त्यावर जिवंत होत नाही. लष्कराच्या लिलावातल्या मालाचेही तसेच. लिलावाच्या कागदावर माल वाहन म्हणून दिला की भंगार म्हणून, हे लिहिलेले असते. तो शब्द वाचूनच भाव करावा.

यात धोका कोठे आहे ते नीट समजून घ्या. स्वस्त चासी दाखवून झाल्यावर कोणी हळूच म्हणतो, 'कागदाची फिकीर नको, दुसऱ्या गाडीचा कागद आहे, नंबर पंच करून देऊ.' इथे उठून चालू लागावे. एका गाडीचा कागद दुसऱ्या गाडीच्या लोखंडाला जोडणे हा बनावटपणा आहे, आणि ती चासी चोरीची असेल तर घेणाराही अडकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसे समजण्याला कारण असताना घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बाजारभावापेक्षा फारच कमी भाव हेसुद्धा 'समजण्याला कारण' धरले जाऊ शकते. दलाल निघून जातो. गाडी उभी असते मिस्त्रीच्या दारात आणि पंचनामाही तिथेच होतो.

तेव्हा नंबर कसा पाहावा? गंज आणि तेलाचा थर तारेच्या ब्रशने साफ करा. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत चासी प्रिंट घेतात तशी. अक्षरे एका रांगेत, एका खोलीची आहेत का? भोवती ग्राइंडर फिरल्याची चमक, वेल्डिंगची कड किंवा वरून जोडलेला चौकोनी तुकडा दिसतो का? मग तो नंबर आरसीशी आणि वाहन पोर्टलवरील नोंदीशी ताडून पाहा. नोंदणी चालू आहे की रद्द, बँकेचा बोजा आहे का, कर कोठपर्यंत भरला, हे तिथे कळते. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर चोरीच्या गाड्यांचीही तपासणी होते.

बीडची एमएच-२३ आणि अंबाजोगाईची एमएच-४४ ही नोंद घरची. बाहेरच्या राज्यातली चासी असेल, उदाहरणार्थ हरियाणातील मंडी डबवालीकडची (तिथे जीपा बांधण्याचा मोठा धंदा आहे), तर फॉर्म २८ ची ना-हरकत आणि इथला कर यांचा हिशेब आधी करा. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणीसह नवी करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. हे सारे किमतीत धरले की 'स्वस्त' चासी पुष्कळदा महाग निघते.

कागद पटला की लोखंडाकडे वळा. कापडाचे ठाण आम्ही आधी कडेने पाहतो, कारण ऐब कडेला लवकर दिसतो. चासीचेही तसेच आहे. मुंबई-कोकणातून आलेल्या चासीत खाऱ्या हवेचा गंज आतून असतो. हातोडीने ठोकत गेल्यास टणक आवाजाच्या जागी बद्द आवाज येतो, तिथे पेचकस दाबून पाहावा. आपल्या कोरड्या मुलखातील चासीला गंज कमी, पण ती वजनाने मेलेली असते. काळीपिवळीत आत दाटीवाटीने, मागे लटकून आणि वर टपावर किती माणसे बसत ते सर्वांना माहीत आहे. अशा चासीला मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे आणि गिअरबॉक्सखालच्या आडव्या पायाच्या सांध्यात तडे गेलेले असतात. शिवाय ती परवान्यावर चालत असेल तर परवाना जमा करून गाडी खासगीत आणण्याची कामे मागे लागतात.

तडा शोधण्याची जुनी युक्ती उत्तम आहे. जागा साफ करून रॉकेल लावा, थोड्या वेळाने पुसून कोरडी करा आणि वरून खडूची किंवा चुन्याची पातळ पूड फासा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल वर येऊन बारीक काळी रेघ उमटते. सगळेच तडे चासी बाद करीत नाहीत. तड्याच्या टोकाला छिद्र पाडून तो पुढे जाणे थांबवायचे, खाच करून ७०१८ नंबरच्या कोरड्या रॉडने भरायचे आणि वरून पट्टी द्यायची. चांगला वेल्डर हे करतो. पण पट्टीवर पट्टी, पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेला आडवे वेल्डिंग आणि वाटेल तिथे पाडलेली छिद्रे दिसली, तर आधीच्या माणसाने चासीची ताकद संपवली आहे असे समजावे.

वाकलेली चासी डोळ्यांना दिसत नाही. ती सपाट फरशीवर चार सारख्या ठोकळ्यांवर ठेवा. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी पाहा. मग दोन्ही बाजूंच्या सारख्या छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा आणि तिरपे, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा. दोन्ही तिरपी मापे सारखी यायला हवीत. पाव इंचापर्यंतचा फरक अनुभवी मिस्त्री सरळ करून देतो. त्याहून जास्त असेल तर गाडीला मोठी टक्कर झाली आहे, भाव तसा करा किंवा सोडून द्या. विक्रेता मोजू देत नसेल तर सौदा तिथेच थांबवा. ठाण उलगडून दाखवत नाही त्या व्यापाऱ्याकडून आम्ही कधी माल घेतला नाही.

चांगली चासी मिळाली म्हणून तिच्यावर वाटेल ते बांधता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळी करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. मे २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने 'जुगाड' गाड्याही मोटार वाहनच आहेत, त्यांना सर्व नियम लागू आहेत, असा निकाल दिला होता. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चासी कापून लांब-आखूड करणे, दुसऱ्याच जातीचे इंजिन घालणे हे यात येते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' नंबराची सवलत दिली; पण तीही चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असेल तरच.

म्हणून पहिल्या गाडीसाठी आमचा सल्ला असा: एमएम-५४० ची नोंद असेल तर एमएम-५४० च बांधा. तेच माप, त्याच जातीचे इंजिन, परवानगी घेऊन. रंग, गाद्या आणि कामाची सफाई यांत कारागिरी दाखवायला पुष्कळ जागा आहे. अगदी वेगळे काही करायचेच असेल तर ती गाडी स्वतःच्या आवारात किंवा प्रदर्शनात ठेवण्यासाठीच आहे हे ग्राहकाकडून कागदावर लिहून घ्या.

इसार देताना पावती करा. तीत चासी नंबर पूर्ण लिहा, 'माल वाहन म्हणून विकला' हे शब्द घाला, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा. फॉर्म २९ आणि ३० वर सही त्याच दिवशी, समोर घ्या. कोऱ्या फॉर्मवर केलेली जुनी सही घेऊ नका, मूळ मालक पुढे सापडत नाही. त्याच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आणि चासी टेम्पोत घालून आणताना मूळ आरसी व पावती ड्रायव्हरजवळ द्या. चासीचा सांगाडा उघडा जाताना दिसला की नाक्यावर हमखास थांबवतात.