चाकांचे चार साक्षीदार

ब्रेकच्या पेडलवर पाय दाबला की गाडी थांबते, एवढीच ब्रेकविषयी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. आजच्या मोटारीत चालकाचा पाय आणि चाकावरील ब्रेक यांच्यामध्ये एक छोटा संगणक बसलेला असतो. आणीबाणीच्या क्षणी कोणत्या चाकावर किती दाब द्यावयाचा, हे तोच ठरवतो. त्याला रस्ता दिसत नाही, पाऊस दिसत नाही. प्रत्येक चाकापाशी बसवलेल्या लहानशा गतिसेन्सरच्या साक्षीवर तो सर्वस्वी विसंबून असतो. हे साक्षीदार मुके झाले, किंवा चुकीची साक्ष देऊ लागले, तर काय घडते, ते आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम या व्यवस्थेचे प्रयोजन पाहू. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोराने दाबला की चाक फिरावयाचे थांबते, पण गाडी थांबत नाही. ती घसरत जाते. फिरते चाक स्टिअरिंगचे ऐकते, घसरणारे चाक ऐकत नाही. चालक स्टिअरिंग वळवतो आणि गाडी सरळ समोरच्या झाडावर जाते. विमानांच्या चाकांसाठी डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकात 'मॅक्सारेट' नावाचे यंत्र वापरात आणले, ते याच अडचणीवरील उपाय म्हणून. १९६६ साली ते जेन्सन एफएफ या इंग्रज मोटारीत आले. १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था मर्सिडीजच्या मोटारीत बसली आणि 'एबीएस' हे नाव जगभर रूढ झाले. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना ही व्यवस्था सक्तीची आहे.

आता सेन्सरचे काम. चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी कडे असते आणि त्याच्या अगदी जवळ, मिलिमीटरभराच्या अंतरावर, चुंबक असलेला सेन्सर स्थिर बसवलेला असतो. एकेक दाता समोरून गेला की विजेची एकेक लहर उठते. कड्याला ४८ दाते आहेत आणि चाकाचा घेर दोन मीटर आहे असे समजा. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे सव्वाआठ फेरे घेते आणि संगणकाला सेकंदाला ४०० लहरी मोजावयास मिळतात. ब्रेक दाबताच तीन चाकांच्या लहरी सावकाश कमी होत आहेत, पण चौथ्याच्या एकाएकी नाहीशा झाल्या, तर ते चाक जखडले असे संगणक ओळखतो. तो त्या चाकावरील दाब क्षणभर सोडतो आणि पुन्हा देतो, असे सेकंदात अनेकदा. त्या वेळी पायाखाली जी थरथर जाणवते ती बिघाडाची खूण नव्हे. पाय न उचलता दाबून धरावा.

सेन्सर बसतो तो मात्र गाडीतील सर्वांत हालाच्या जागी. चिखल, पाणी आणि ब्रेकची उष्णता हे त्याचे नित्याचे सोबती. स्टिअरिंगबरोबर वळून वळून त्याची तार आतल्या आत तुटते. कड्याला तडा जातो. बेअरिंग सैल झाले की दाते व सेन्सर यांतील अंतर डळमळते. गोमंतकासारख्या किनारी मुलखात खारी हवा आणि लांबलेला पावसाळा गंजाला खतपाणीच घालतात.

यातून दोन प्रकारचे बिघाड संभवतात. पहिला म्हणजे उघड मौन. तार तुटली की संगणकाला ते कळते, समोरचा पिवळा दिवा लागतो आणि एबीएस आपण होऊन बाजूला होते. साधा ब्रेक चालू राहतो. मात्र याच सेन्सरांवर अवलंबून असलेली, गाडी घसरू न देणारी अन्य व्यवस्थाही बहुधा बंद पडते. पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे न नेणेच शहाणपणाचे.

दुसरा बिघाड अधिक फसवा आहे. सेन्सरच्या बैठकीखाली गंज धरला की तो किंचित वर उचलला जातो आणि त्याची लहर क्षीण होते. जुन्या, तारेच्या वेटोळ्याच्या सेन्सरमध्ये वेग कमी होईल तशी लहर मुळातच दुबळी होते. त्यामुळे सिग्नलपाशी गाडी जवळजवळ थांबलेली असताना लहर नाहीशी होते. चाक जखडले असे समजून संगणक कोरड्या रस्त्यावरही दाब सोडतो आणि गाडी थोडी पुढे सरकते. दिवा कित्येकदा लागतही नाही, कारण ही चूक खऱ्या घटनेसारखीच दिसते. पुढे पादचारी असेल तर हातभर अंतरही पुष्कळ झाले.

साक्ष तोलणाऱ्याचीही चूक होऊ शकते, हे २०१९ साली अमेरिकेत दिसून आले. जनरल मोटर्सने सुमारे ६,३८,००० मोठ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्या गाड्यांत चाकाचा एक सेन्सर निकामी झाला, तर विशिष्ट परिस्थितीत गाडीची एक संरक्षक व्यवस्था भलताच अर्थ लावून विरुद्ध बाजूच्या चाकाला आपोआप ब्रेक लावू शकत होती. चालकाचा पाय ब्रेकवर नसतानाही गाडी एका बाजूला ओढली जाण्याचा धोका होता. त्यावर उपाय झाला तो ब्रेकच्या संगणकाची आज्ञावली बदलून. सेन्सर कधी ना कधी निकामी होणारच, हे गृहीत धरून यंत्राची रचना करावी लागते, हा त्यातील धडा.

आपण काय करावे? किल्ली फिरवताच एबीएसचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. मोटारसायकलीत तो गाडी चालू लागल्यावर विझतो. जुनी गाडी विकत घेताना तो मुळीच लागत नसेल, तर संशय घ्यावा. दिवा विझत नसेल तर वेग कमी ठेवावा, पुढील गाडीपासून अंतर वाढवावे आणि चोर्ल्याच्या घाटासारख्या वळणांवर पावसात वळणाआधीच ब्रेक लावून घ्यावा. चाक घसरू लागले तर पाय किंचित सैल करून पुन्हा दाबावा. मेकॅनिकनेही सेन्सर बदलण्यापूर्वी संगणकातील नोंद वाचावी. तार, कडे, बेअरिंग आणि गंजलेली बैठक तपासावी. अनेक नव्या गाड्यांत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या एका बाजूस चुंबकीय पट्टी असते. असे बेअरिंग उलटे बसवले तर नवा सेन्सरही मुकाच राहतो.

पिवळा दिवा लागला तरी गाडी रोजच्यासारखीच धावते आणि थांबते, म्हणून आपण दुरुस्ती उद्यावर ढकलतो. परंतु एबीएसची गरज रोज पडत नाही. वर्षातून एखाद्या दिवशी, एखाद्या ओल्या वळणावर पडते. तो दिवस आधी सांगून येत नाही.