मुलूखगिरीचे गणित

मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ न खेळलेला वाचक विरळाच. पहिला अर्धा तास सर्वांचे डोळे फाशावर खिळलेले असतात. मग कोणा एकाच्या हाती मोक्याची चार-सहा शहरे येतात. तो घरे बांधतो, भाडे मिळते, त्या भाड्यातून आणखी शहरे घेतो. कोण जिंकणार हे एव्हाना सर्वांना कळलेले असते, तरीही डाव तासभर रखडतो. शेवटी धाकटे भावंड पट उधळून उठून जाते. लहानपणी आम्ही ह्याला रडीचा डाव म्हणत असू. आता वाटते, त्या भावंडाचे फारसे चुकत नव्हते. दोष पटाच्या नियमांत होता.

स्नेहसंमेलनात माईक कर्ण्यासमोर आला की कर्कश शीळ घुमते, ती आपण ऐकलीच असेल. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा माईकमध्ये शिरतो. परिणामच कारणाला बळ देऊ लागतो. ह्याला धन फीडबॅक म्हणतात. मुलखातून पैसा, पैशातून बळ आणि बळातून मुलूख हीही तशीच शीळ आहे.

इंटरनेटवर हजारो माणसे एकत्र खेळतात, अशा खेळांत तिचे मोल फार मोठे असते. तेथे खेळाडू गट बांधतात. त्यांना सामान्यपणे गिल्ड म्हणतात. हे गट किल्ले, प्रांत किंवा ग्रह जिंकतात आणि राखतात. ‘व्यापार’ संध्याकाळी संपतो, हे खेळ वर्षानुवर्षे चालतात. हरलेला गट कंटाळून निघून गेला की जिंकणाऱ्यालाही लढायला कोणी उरत नाही. म्हणून हरणाऱ्याला उद्या पुन्हा यावेसे वाटेल असे नियम करणे, हा रचनाकारापुढचा खरा प्रश्न असतो.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ईव्ह ऑनलाइन’ हा २००३ साली सुरू झालेला आइसलँडमधील खेळ. त्याच्या काल्पनिक अवकाशात हजारो सूर्यमाला आहेत. चीनसाठी वेगळी सोय आहे; बाकी जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. दूरच्या सूर्यमालांवर खेळाडूंच्या गटांची सत्ता चालते.

नियमांकडे वळण्यापूर्वी थोडे गणित करू. फ्रेडरिक लँचेस्टर ह्या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्न सोडवला. दोन्ही बाजूंचा प्रत्येक सैनिक समोरच्या कोणावरही नेम धरू शकत असेल, तर संख्येचा फायदा किती? त्याचे उत्तर असे की, बळ संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० विरुद्ध ६० अशी लढाई शेवटपर्यंत चालली तर मोठ्या बाजूचे ४० उरतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात १०,००० मधून ३,६०० वजा करून वर्गमूळ काढावे लागते. ६० जण पूर्ण संपतात आणि १०० पैकी ८० शाबूत राहतात.

वर्गात हे चिंचोक्यांनी करून पाहता येईल. एका ढिगात १००, दुसऱ्यात ६० चिंचोके ठेवा. प्रत्येक फेरीत समोरच्या ढिगाच्या एक दशांश इतके चिंचोके दोन्ही ढिगांतून एकाच वेळी काढा. अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात घ्या; नेमका अर्धा आला तर पुढचा पूर्णांक घ्या. सातव्या फेरीत लहान ढीग संपतो आणि मोठ्यात ७७ उरतात. ८० का नाहीत? एक दशांशाऐवजी एक विसांश घेऊन पाहा म्हणजे विद्यार्थ्यांना कारण सापडेल.

ह्या वर्गामुळे खेळातला प्रत्येक सेनापती एकच शहाणपण शिकतो. सर्वांनी एकाच ठिकाणी जमायचे, आणि लहान गटाने मोठ्याच्या छत्राखाली जायचे. ‘ईव्ह’मध्ये नेमके हेच झाले. २०१४ च्या जानेवारीत बी-आर-५-आर-बी नावाच्या सूर्यमालेच्या सत्तेचे ठरावीक देणे आपोआप भरले जायचे, ते भरले गेले नाही. (भाडे थकले आणि महायुद्ध पेटले, असे इतिहासात सहसा होत नाही.) ही सूर्यमाला एका बाजूच्या फौजेचा तळ होती. शत्रूने संधी साधली. सुमारे २१ तासांच्या लढाईत एकूण साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले. टायटन नावाची अजस्र जहाजे ७५ बुडाली; त्यांपैकी ५९ हरलेल्या बाजूची आणि १६ जिंकलेल्या बाजूची. ह्या आकड्यांत लँचेस्टरचे सूत्र जसेच्या तसे शोधू नये. सर्वांनी मिळून एकाच जहाजावर मारा करणे, ताज्या दमाची कुमक येणे, अशा अनेक गोष्टी त्यांत मिसळलेल्या आहेत. पण एकदा पारडे झुकले की ते किती वेगाने झुकत जाते, हे मात्र दिसते. नष्ट झालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत सुमारे ३ लाख डॉलर धरली गेली. त्यामागे हजारो माणसांच्या कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी होत्या.

येथे दुसरा एक वर्ग आडवा येतो, तो संगणकाचा. एका खेळाडूने केलेली हालचाल उरलेल्या सर्वांना कळवावी लागते. १० खेळाडू असतील तर ९० निरोप, १०० असतील तर ९,९००. त्या लढाईत एका वेळी जास्तीत जास्त २,६७० खेळाडू एका सूर्यमालेत होते. म्हणजे ७१ लाखांहून अधिक निरोप. सर्व्हर कोलमडू नये म्हणून रचनाकारांनी खेळातला काळच मंद करण्याची युक्ती योजलेली होती. गर्दी वाढली की खेळातला एक सेकंद खऱ्या दहा सेकंदांपर्यंत ताणला जातो. पूर्ण वेळ हाच वेग धरला तर खऱ्या २१ तासांत खेळातले जेमतेम दोन तास सरतात! आम्हांला ही युक्ती फार आवडते, पण तिने दुखणे बरे होत नाही, ते फक्त सुसह्य होते.

मूळ दुखण्यावरचा पहिला उपाय २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आला. तोवर मोठी जहाजे विश्वाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला काही मिनिटांत उडी मारू शकत. नव्या नियमाने उडीची लांबी कमी केली, आणि लागोपाठ उड्या घेतल्या की मधली थांबण्याची वेळ वाढत जाऊ लागली.

एवढ्याने काय साधते? पुन्हा चिंचोके घ्या. १०० च्या बाजूला तीन ठिकाणी मुलूख राखायचा आहे, म्हणून ती ३४, ३३ आणि ३३ अशी विभागली आहे. ६० ची बाजू एकत्र राहून एकेका ठिकाणावर चालून जाते. ६० विरुद्ध ३४ मध्ये ४९ उरतात, ४९ विरुद्ध ३३ मध्ये ३६ ते ३७, आणि शेवटच्या लढाईनंतर १६. साठांनी शंभरांना हरवले! अट एकच, तीन तुकड्यांना एकमेकींच्या मदतीला वेळेत पोहोचता येता कामा नये. उडी झटपट असेल तर मुलूख कितीही पसरला तरी काही बिघडत नाही. अंतराला किंमत आली की पसरलेला मुलूख स्वतःच ओझे होतो. मुलूख वाढला की बळ घटते, म्हणजे आपल्या शिळेला उलटा, ऋण फीडबॅक मिळाला. केनेथ बोल्डिंग ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली खऱ्या राष्ट्रांविषयी हाच विचार मांडला होता.

दुसरा उपाय २०१५ च्या जुलैतला. पूर्वी सत्तेची केंद्रे इतकी भक्कम असत की ती फोडायला मोठा ताफाच लागे. आता लढतीची ठिकाणे शेजारच्या अनेक सूर्यमालांत विखुरली, आणि ती घेण्यासाठी एक विशिष्ट यंत्र बसवलेले एक जहाजही पुरेसे ठरले. वीस जहाजे आणली म्हणून काम वीसपट वेगाने होत नाही; वर्गाची कंबरच मोडली. शिवाय ज्या सूर्यमालेत मालक खरोखर राबतात, खाणी खणतात, ती घ्यायला ओसाड सूर्यमालेपेक्षा सहापटपर्यंत वेळ लागू लागला. नकाशा नुसता रंगवून ठेवणाऱ्यांना हा चाप होता. तक्रारीही झाल्या. लहान, चपळ जहाजे येऊन खोड काढतात आणि पळतात. त्यांचा पाठलाग म्हणजे लढाई नव्हे, डास मारणे आहे, असे जुने खेळाडू म्हणू लागले. त्यात तथ्य होते आणि पुढे नियमांत फेरबदल होत राहिले. गर्दीची हौस तर नियमांनी गेलीच नाही. २०२० च्या ऑक्टोबरात एका लढाईत एका वेळी ६,५५७ खेळाडू जमले आणि तो जागतिक विक्रम ठरला. तेवढ्यांचे निरोप किती, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र गणिताचा नसून झोपेचा आहे. आमच्याकडे संशोधन करणारा एक विद्यार्थी अशाच एका गटात होता. हिवाळ्यात युरोपातील रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेबारा. तो प्रयोगशाळेत पेंगताना दिसू लागला, तेव्हा आम्ही कारण विचारले. “सर, आमचा तळ झोपेत जातो,” तो म्हणाला. ह्यावर कोरियातील ‘लिनिएज’ ह्या १९९८ च्या खेळात साधा तोडगा होता. किल्ल्याला वेढा कोणत्या वेळी पडणार हे आधीच ठरलेले असे. ‘ईव्ह’ने २०१५ मध्ये राखणाऱ्याला दिवसातील काही तास निवडू दिले. हल्ला त्याच तासांत करायचा, आणि तो यशस्वी झाला तरी निर्णायक लढत नंतर, पुन्हा राखणाऱ्याच्या सोयीच्या वेळेला. हल्लेखोर ह्याला अन्याय म्हणतात. आमच्या मते तसे नाही. ज्याला गमवायचे आहे त्याला निदान जागेपणी गमावता यावे.

त्या विद्यार्थ्याच्या गटात मात्र तासांवरून भांडण झाले. सतरा जण युरोपातले आणि हा एकटा इकडचा. मतदान घेतले, तास युरोपाच्या सोयीचे ठरले. त्याने महिनाभर प्रयत्न केला आणि मग दुसरा गट शोधला. त्या गटाचे लोक रात्री आठला जमतात, आपल्या आठला.